वापरून पाहिलेले रंग

चांगल्या प्रतीचा रंग ज्याला भेट द्यायचा असतो त्याच्याच अंगातून येतो, हे मला तिसरा रंग लावून बघेपर्यंत माहीत नव्हतं. हलक्या रंगांचं तसं नसतं. ते कारखान्यातून येतात.

माझा स्वभावच असा, की वापरून बघितल्याशिवाय मी कुणाला काही देत नाही. पातेलं द्यायचं असलं तर आधी त्यात चहा करते, छत्री द्यायची असली तर नळाखाली धरून बघते. माझा धाकटा भाऊ मोहन म्हणतो, "ताईची भेट म्हणजे उष्टी." म्हणेना का. त्याच्या मुलीचा, रुंजीचा, त्या दिवशी वाढदिवस होता आणि तिला खरे रंग हवे होते, मोठ्या माणसांचे. रुंजीवर माझा भारी जीव. मला तरी दुसरं आहे कोण?

दुकानदारांनी काउंटरवर एक जाड कागद अंथरला. "लावून बघा. भेट कुणाला?"

"रुंजीला. माझी भाची."

"रुंजी," ते कागदाकडे बघून म्हणाले आणि ब्रश माझ्या हातात दिला.

नवा ब्रश हातात आला की लोक डोंगर, सूर्य आणि नदी काढतात. मी रुंजीच काढायला घेतली. चेहरा ओळखीचा असला की रंग खरा का खोटा ते लगेच कळतं. शाळेत चित्रकलेत मी कशीबशी पास व्हायची, पण हा ब्रश असा सरसर चालला की मी बघतच राहिले. काळ्याने वेण्या झाल्या, तांबड्याने रिबिनी, मग गव्हाळ रंगाने कपाळ. तेवढ्यात भावजयीचा, अनघाचा फोन आला.

"ताई, निघालात का? रुंजीच्या वेण्या दिसत नाहीयेत."

"कापल्या की काय?"

"नाही हो. हाताला लागतात, पण दिसत नाहीत. आणि आता कपाळ पण." मागे मिक्सर चालू होता. "येताना दोन लिंबं आणा," ती म्हणाली.

मी ब्रश खाली ठेवला. कपाळाखाली कोरा कागद होता.

"तिचा रंग तिला परत द्या," मी दुकानदारांना म्हटलं.

"चांगला माल आहे बाई, लावलेला निघत नाही. अर्धी इथे, अर्धी तिथे अशी ठेवायची असेल तर तुमची मर्जी."

"आणि पुरी केली तर?"

"पुरी तुमच्याबरोबर घरी येईल."

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होते? पोर अशी अर्धी दुकानात टाकून जायची? मी ब्रश पुन्हा उचलला. तो आपणच चालू लागला. मी डोळे काढले, पुढचा किडका दात काढला, गुडघ्यावरची खपली काढली. मध्येच मान वर केली तर दाराच्या जागी बाटल्यांचं कपाट होतं, आणि ते मघापेक्षा जवळ आलं होतं. मी पुन्हा कागदाकडे वळले. चित्र पुरं झाल्यावर दार असेल असं मला वाटलं, आणि तसंच झालं.

पुरी झालेली रुंजी इतकी गोड दिसत होती, की माझीच दृष्ट लागायची. तिला तीट लावल्याशिवाय मी कधी घराबाहेर सोडलेलं नाही. सवयीने बोट माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याला गेलं, आणि तिथलं काजळ मी तिच्या डाव्या गालावर टेकवलं.

दुकानदारांनी पहिल्यांदाच मान वर केली. "हे कुठलं?"

"माझं. डोळ्यातलं."

"म्हणजे आमच्याकडचं नाही." त्यांनी भिंग लावून गाल बघितला. तिथे तीट नव्हती. गाल स्वच्छ होता. त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि तिला तांबडी रिबीन बांधली.

घरी पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. अनघाने माझ्या हातातून लिंबं घेतली.

"मघापर्यंत हाताला लागत होती," मोहन म्हणाला. "आता तेही नाही. पण बसली असेल. सकाळपासून औक्षणाची घाई लावली होती तिने."

मी गुंडाळी सोडली आणि चित्र भिंतीला टेकवून उभं केलं. "ही घ्या. पुरी आणलीय. नखसुद्धा राहिलेलं नाही."

सगळे चित्राकडे बघत राहिले. मी हाक मारली, दोनदा. रुंजी समोर बघत होती, तोंड जरासं उघडं, किडका दात दिसत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती कुणाकडेच बघत नव्हती. मला रडू फुटलं.

अनघाने निरांजन लावलं आणि रिकाम्या पाटाला ओवाळायला घेतलं. तबक डावीकडून वर गेलं तेव्हा उजेडात मला ते दिसलं. पाटाच्या वर, बसलेल्या पोरीच्या गालाच्या उंचीवर, काजळाचा एक ठिपका होता.

मी बोट डोळ्याला लावलं. नुसतं पाणी हाताला आलं, काजळ केव्हाच वाहून गेलं होतं.

"रुंजे," मी म्हटलं, "आत्या आली."

ठिपका जरासा वर सरकला, हसताना गाल वर जातो तेवढा.