मुकादमांचे पाच प्रश्न

रुग्णालयाच्या मुख्य कचेरीतल्या बाईंनी निळा बिल्ला हातात ठेवला, तेव्हा मुकादमांना आधी वाटलं, आपल्याला गोडीगुलाबीने घरी पाठवताहेत. बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'कल्याण प्रतिनिधी'.

"म्हणजे करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"काही विशेष नाही हो. महिन्यातून एकदा प्रत्येकाला बाजूला घेऊन हे पाच प्रश्न विचारायचे. झोप लागते का, कामाचा ताण वाटतो का, वगैरे. उत्तरं फॉर्मवर लिहून मला द्यायची."

"आणि कुणी म्हणालं, ताण वाटतो, तर?"

"तर कारण लिहायचं."

"आणि मग?"

बाईंनी घड्याळात बघितलं. "मग बघू."

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मुकादमांची बावीस वर्षं गेली होती. नुसत्या आवाजावरून ते कुठल्या मशीनचा पट्टा सैल झालाय ते सांगत. पण एखाद्याला 'तुला बरं वाटतंय ना' असं कसं विचारायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पहिला नंबर बॉयलरवाल्याचा. कपड्यांच्या कोठीत दोन क्रेट उपडे घालून दोघं समोरासमोर बसले.

"झोप नीट लागते का?"

बॉयलरवाल्याच्या कपाळावर आठी पडली. "माणसं कमी करणार आहेत का?"

"नाही रे बाबा."

"मग झोपेची चौकशी कशाला? मी कामावर डुलक्या काढतो असं कुणी सांगितलं?"

"काढतोस?"

"लिहा, झोप उत्तम. तब्येत ठणठणीत. ताण कशाशी खातात ते माहीत नाही."

इस्त्रीच्या मशीनवरचा रोलरवाला त्याच्या अगदी उलट. त्याने मेहुण्याच्या लग्नापासून सुरुवात केली ती थांबेचना. अर्ध्या तासाने मुकादम बाहेर आले तेव्हा फॉर्म कोरा होता आणि डोकं भणभणत होतं.

मग त्यांनी घड्यांच्या टेबलावरच्या ताईंना बोलावलं. म्हटलं, हे तरी सोपं जाईल. ताई अकरा वर्षं चादरींच्या घड्या घालत होत्या. टोकाला टोक, तळहात एकदा फिरला की घडी तयार. त्यांचा गठ्ठा ओळंबा लावल्यासारखा सरळ. कधी तक्रार नाही, कधी उशीर नाही.

"ताई, झोप नीट लागते का?"

"नाही."

मुकादमांचं पेन थबकलं. "कामाचा ताण वाटतो?"

"वाटतो."

"कारण?"

"लिहिणार आहात?"

"लिहावं लागतं."

"मग लिहा. तुम्ही."

मुकादमांनी 'तुम्ही' लिहिलं आणि पुढचा शब्द ऐकायला मान वर केली.

"तुम्ही काय, ताई?"

"तुम्हीच. कारण तुम्ही." ताईंनी पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. "दिवसातून तीनदा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहता. बोलत काही नाही. चुकलं म्हणत नाही, बरोबर म्हणत नाही. मी वळून बघितलं की निघून जाता. आता घरी अंथरुणावर पडले तरी वाटतं, मागे कुणीतरी उभं आहे. पहिली दोन वर्षं वाटायचं, आज काढून टाकणार. आता तुमची चाहूल लागली की झालेली घडी पुन्हा तपासते. का, ते मलाही कळत नाही."

मुकादमांनी पेनाला टोपण लावलं. ते तिथे का उभे राहायचे? दिवसभर कुठे पाइप गळे, कुठे कपड्यांच्या ढकलगाड्या अडकत, कुणी कुणाशी भांडे. या एका टेबलापाशी सगळं सुरळीत चाललेलं असे. तिथे दोन मिनिटं उभं राहिलं की त्यांच्या जिवाला बरं वाटे. बस, एवढंच. पण हे असं कधी कुणाला सांगतात का?

"बरं," ते म्हणाले. "जा तुम्ही."

ताई गेल्या, आणि मग त्यांना वाटलं, 'जा तुम्ही' हेसुद्धा किती वाईट ऐकू आलं असेल.

संध्याकाळी त्यांनी सगळी हकिगत बायकोला सांगितली. ती भाजी चिरत होती.

"आता बोल, यात माझं काय चुकलं?"

"आत्ता कुठे उभे आहात?"

मुकादमांनी पाहिलं. ते तिच्या पाठीमागे, ओट्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

"तुलाही त्रास होतो?"

"मला सवय झाली. आधी व्हायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुठे पाच प्रश्न विचारले तुम्ही?"

मुकादम तिथून हलले. आधी दारात जाऊन उभे राहिले, मग खुर्चीवर बसले. कुठे थांबलं म्हणजे बरोबर, तेच त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी फॉर्म वाचून कचेरीतल्या बाईही गोंधळल्या. "अहो, कारणात तुम्ही स्वतःलाच लिहिलंय?"

"त्यांनी सांगितलं ते लिहिलं."

"पण ही तक्रार आहे की मत? तक्रार असेल तर ती प्रतिनिधीमार्फत यायला हवी. प्रतिनिधी तुम्हीच. आणि तुमच्याविरुद्ध..." त्यांनी फॉर्म उलटा करून मागे बघितलं, जणू तिथे उत्तर छापलेलं होतं. "यासाठी रकानाच नाही हो. थोडं सौम्य करून लिहाल का?"

"ते खोटं होईल," मुकादम म्हणाले आणि फॉर्म तसाच ठेवून आले.

त्यानंतर आठवडाभर ते घड्यांच्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत. त्याने भलतंच झालं. ताईंची घडी चुकू लागली. शेवटी मुकादम मशीन तपासत होते तिथे त्या स्वतःच येऊन उभ्या राहिल्या.

"मी बोलले म्हणून राग आला ना? मला काढणार आहात का?"

"छे हो! तुम्हाला त्रास नको म्हणून येत नव्हतो."

"मग आधी येत का होता?"

मशीनच्या घरघरीत मुकादमांना जवळजवळ ओरडूनच सांगावं लागलं. "तुमचं काम बघायला आवडतं! म्हणून!"

पलीकडचा रोलरवाला चमकून बघायला लागला. मुकादमांचे कान लाल झाले.

ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग होता की हसू, ते मुकादमांना ओळखता येईना. बहुधा ताईंनाही.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का?"

"सुचलं नाही, ताई."

"मी काय काय समजत बसले." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच त्रासून म्हणाल्या, "आणि मी आता रडतेय कशाला?"

ताई टेबलाकडे वळल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"माझी जोडीदारीण आज आली नाही. मोठ्या चादरी एकटीला आवरत नाहीत. समोरून या आणि टोक धरा."

मुकादम समोरून गेले. चादर गरम होती. त्यांनी टोक धरलं, पण ओढायचं की सैल सोडायचं, यातच त्यांचा घोळ झाला आणि घडी तिरकी बसली. "चुकलं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी चादर झटकून पुन्हा उलगडली.