पेटीतली काळी तीन

मी एका जुन्या पेटीतली काळी पट्टी आहे. सप्तकातल्या काळ्या पट्ट्यांमध्ये डावीकडून तिसरी, म्हणून माझं नाव काळी तीन. मित्रांनो, आम्ही सगळ्या एकाच लाकडाच्या, एकाच कारागिराने घासून गुळगुळीत केलेल्या. पण गाणारा आपला सा जिच्यावर धरतो, तिचाच घरात मान असतो.

आमच्या बाईंचा आवाज उंच आणि बारीक. त्यांचा सा काळी पाचवर. तिच्यावर त्यांनी नखांना लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिला होता. कौतुक तिचं, झिजायचं भाग्यही तिचंच. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू!

बाईंची मुलगी मोठी झाली तसा तिचा आवाज खाली उतरला, भरदार झाला. एका दुपारी घरात कोणी नसताना तिने एकेक पट्टी दाबून पाहिली आणि ती माझ्यावर थांबली. त्या दिवशी कपाळाला एकही आठी न घालता ती गायली. मी हरखून गेले. तेवढ्यात बाई आल्या.

"हे काय पुरुषांसारखं खाली गातेस? लोक म्हणतील, ही हिची मुलगी?"

"आई, वर गेलं की गळा ताणला जातो गं."

"रियाज कर, येईल. मलाही काही आयतं मिळालं नाही."

मुलगी निमूट लाल ठिपक्याकडे वळली. रोज मान उंचावून, शिरा ताणून गाऊ लागली. शेवटी भर कार्यक्रमात तिचा आवाज फाटला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, बोलणंसुद्धा बंद. पुढे गाठी विरल्या, ती बोलू लागली, पण गायला काही बसली नाही. पेटीवर चादर पडली.

परवा बाईंनी ती चादर काढली. वयाने आता त्यांचाही आवाज उतरलाय. काळी पाचवर गळ्यातून नुसती हवा निघाली, काळी चारवर खोकला आला. मग बोट माझ्यावर टेकलं आणि सूर लागला. बाईंनी बोट माझ्यावरून उचललंच नाही. मग त्यांनी हाक मारली.

"बाळा, ही तुझी पट्टी ना गं? ये, दोघी गाऊ."

मुलगी येऊन शेजारी बसली. "तू गा आई. मी भाता मारते."

बाई गायल्या, रडत रडत गायल्या. मुलीने भात्याची लय एकदाही चुकू दिली नाही, आणि ओठही उघडले नाहीत. मी वाजत होते, पण जिच्यासाठी वाजायचं होतं ती गप्प होती.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गायला लागलं, तर त्याला एवढंच विचारा, तुला कुठे सोपं जातं? आणि ते वेळेवर विचारा.