नर मिळेपर्यंत

मामा मला माशीबाई म्हणतो. भाची संग्रहालयात बसून मेलेल्या माश्या ओळखते, याची त्याला आधी लाजच वाटायची. मग ज्या रानाची त्याने जन्मभर राखण केली, त्यातूनच रस्ता काढायचं ठरलं, आणि एकदम मी कामाची माणूस झाले.

"झाडाच्या ढोलीत वाढणारी ती सोनेरी माशी, तिला कायद्याचं संरक्षण आहे ना?" तो म्हणाला. "मग सांग त्यांना. रस्ता वळवतील."

रानात ढोली असलेलं जुनं झाड एकच. तिच्यात साचलेल्या काळ्या पाण्यात मला अळ्या मिळाल्या, शेपटीच्या लांब नळीने श्वास घेणाऱ्या. पण एका अगदी साध्या माशीच्या अळ्याही हुबेहूब तशाच असतात. फरक कळतो तो फक्त नर माशीच्या पोटाच्या टोकावरून, तोही सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणून ढोलीतला सगळा गाळ अळ्यांसकट बरणीत भरून मी घरी आणला. अळ्यांना कसली घाई? रस्त्याच्या सुनावणीची तारीख त्यांना कोण सांगणार!

सुनावणीत साहेबांनी सरळ विचारलं, "तीच माशी आहे का? हो की नाही?"

मनातून मला खात्री होती. रान, पाणी, कुजकं लाकूड, सगळं जुळत होतं. पण आमच्या धंद्यात ताकही फुंकून प्यायची सवय. मी म्हणाले, "बहुधा. नर मिळेपर्यंत नक्की सांगता येणार नाही."

साहेबांनी 'बहुधा' लिहून घेतलं आणि फाइल मिटली.

"हो म्हणायला तुझं काय जात होतं गं?" बाहेर आल्यावर मामा म्हणाला. मला संताप आला, त्याचा नाही, माझाच.

पंधरा दिवसांत रान आडवं झालं. ढोलीचं झाड तर पहिल्याच दिवशी गेलं.

काल बरणीत पहिला नर निघाला. वरातीमागून घोडं. मारून, टाचणीला टोचून त्याला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तीच माशी. चिठ्ठीवर तारीख लिहिली, 'राहण्याचं ठिकाण' लिहिलं आणि पुढे हात चालेना.

आज मामा आला तेव्हा बरणीत आणखी चार माश्या होत्या, सोनेरी, काचेवर आपटणाऱ्या.

"आता नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

त्याने बरणी उचलून उजेडात धरली. "मग माशीबाई, यांना सोडायचं कुठे?"

मी टाचण्यांची डबी पुढे ओढली.