चहाचा थांबा

"बाकीची चाकं बोलतात. हेच एक मुकं झालंय," अप्पा म्हणाले.

स्टीअरिंगशेजारच्या छोट्या पडद्यावर ट्रेलरच्या प्रत्येक चाकाची हवा आणि उष्णता दिसत होती. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या चाकापुढे मात्र आकड्यांऐवजी नुसत्या आडव्या रेघा. टायर बदलताना झडपेवरचा सेन्सर तुटला होता, तेव्हापासून.

"मग नवा बसवून घ्या की."

"सांगितलंय. पुढच्या खेपेला, म्हणाले."

"मागच्या खेपेलाही पुढचीच म्हणाले होते."

"तू मास्तरीण. उत्तरपत्रिका तपास जा," अप्पा हसले.

तारिहाळहून माल भरून निघाले की नवनगरजवळ बायपासवर ते मला गाडीत घेत आणि धारवाडच्या फाट्यावर सोडत. तिथून रिक्षाने मी मळमड्डीच्या शाळेत जाई. फाट्यावर अनसूयाक्काची चहाची टपरी होती. अप्पांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि टपरीकडे न जाता सरळ मागे गेले. मुक्या चाकापाशी वाकून त्यांनी उलटा हात टायरला लावला. लहानपणी माझा ताप ते असाच बघत.

"अण्णा, आज तरी घेताय काय चहा?" अनसूयाक्का ओरडली. "का टायरलाच पाजू?"

"त्यालाच पाज. साखर कमी घाल."

तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी तो स्पीकरवर टाकला. ऑफिसात बसून सगळ्या गाड्या नकाशावर बघणारा सुपरवायझर दीपक होता.

"याक निंत्री, अण्णा? का थांबलाय?"

"चहा घेऊलालोय, साहेब."

"एकदाच हं. परत थांबू नका."

यंत्र बसवल्यापासून मालकांचा हुकूम होता : पडदा सगळं सांगतो, तेव्हा चाकं बघायला गाडी थांबवायची नाही. चहाला मात्र खेपेत एकदा परवानगी होती. अप्पांनी ती चाकाला देऊन टाकली होती.

"खरं सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"खरं सांगितलं की कुरकुर्‍या ठरतो माणूस. भीमरावला घरी बसवलं, ठाऊक आहे नव्हं? तू कुठं बोलू नकोस." मग माझ्या खांद्यावरची पिशवी नीट करत म्हणाले, "जा. पोरं दंगा करत असतील."

त्याच दुपारी बेळगावच्या अलीकडे, उतारावर ते चाक फुटलं. ट्रेलर आडवा झाला आणि केबिनला घेऊन खाली गेला.

मागून दुसरी गाडी घेऊन येणारा राजू मला दवाखान्याच्या पायरीवर भेटला. थोड्याच वेळापूर्वी अप्पांनी त्याला फोन केला होता. "गाडी डावीकडं ओढूलालीय," म्हणाले होते. "थांबून बघितलो असतो, पण माझा चहा झालाय. पुढं डिझेलला थांबायचंच आहे, तिथं बघतो."

राजू हे परत कुणाला सांगणार नव्हता. त्यालाही गाडी चालवायची होती.

यंत्राने कसलाही इशारा दिला नव्हता, असं कंपनीच्या माणसांनी पोलिसांना सांगितलं. ते खरंच होतं. रेघा इशारा देत नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर तारिहाळच्या यार्डात शोकसभा ठेवली. पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांच्या फोटोला हार घातला होता. पलीकडे उभ्या असलेल्या ट्रेलरच्या सगळ्या झडपांवर नवे सेन्सर चमकत होते. मालक हळू आवाजात बोलले. अण्णा घरचे होते, म्हणाले. मग ड्रायव्हरांकडे वळले.

"यंत्र मदतीला असतंय. म्हणून हात लावून बघायचं सोडायचं नाही. ड्रायव्हरचं पहिलं काम ते."

ड्रायव्हर जमिनीकडे बघत होते. राजूही.

दीपक माझ्या शेजारीच बसला होता. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचे डोळे सुजले होते. चहाचा पेला माझ्या हातात देत तो म्हणाला, "काय सांगू अक्का, अण्णांना चहाचा फार नाद. दर खेपेला गाडी थांबायची ती चहालाच. त्याच वेळात एकदा मागं जाऊन टायर बघितला असता, तर..."

मालकांनी मान हलवली. "चहापायी गेला माणूस," ते म्हणाले, आणि शेडमध्ये कुणीतरी सुस्कारा सोडला. आता हेच सांगितलं जाणार होतं : पंपावर, धाब्यावर, नव्या ड्रायव्हरांना.

आईच्या अस्थी गोकर्णाला सोडल्या, त्या दिवशी समुद्रात उभं राहून अप्पांनी खाण्यापिण्यातली आपल्या आवडीची वस्तू सोडली होती. आमच्यात सोडतात. पुन्हा तिला शिवायचं नसतं.

पेला गरम होता. मी तो फोटोसमोर खाली ठेवला. 'तू कुठं बोलू नकोस.' आजवर बोलले नव्हते.

मी उभी राहिले. मागच्या ओळीपर्यंत ऐकू जावं म्हणून वर्गात काढते तो आवाज काढला.

"माझे अप्पा चहा पीत नव्हते."