हरवलेले केसपेपर

“या बाकड्याचा एक पाय आखूड आहे. बसलं की माणूस शेजारच्याच्या अंगावर जातो. पण सांगायचं कुणाला?”

दवाखान्याच्या पडद्यापलीकडे म्हातारी कुरकुरत होती. अलीकडे मी तिच्या नातीचा सुजलेला हात बघत होते. चार वर्षांची पोर, मनगट दाबलं तरी हूं का चूं नाही. नर्सच्या बावीस वर्षांच्या नोकरीत रडणाऱ्या पोरांना मी कधी घाबरले नाही.

तिची आई म्हणाली, जिन्यावरून पडली. जुना केसपेपर हरवला. त्यावर म्हातारी बाहेरूनच म्हणाली, आमच्याकडचे उंदीर शिकलेले आहेत, कागद दिसला की संपवतात. मला हसू आलं. मी नवा केसपेपर घेतला. कागद हरवला म्हणून मी कुणाला बोलत नाही, तेवढाच माझा मोठेपणा.

पट्टी हातात घेतली, तर पोरीने न सांगता कोपर दुमडून छातीशी धरलं आणि मान पुढे केली. पट्टी गळ्यात कशी अडकवतात, हे तिला पाठ होतं.

मी पेन खाली ठेवून कपाटातून केसपेपरच्या आमच्या प्रती काढल्या. वर्षभरातल्या दोन सापडल्या. पलंगावरून पडली. खेळताना पडली. दोन्ही वेळा केसपेपर नवा, दोन्ही वेळा अक्षर माझं. नव्या कागदावर आधीचं पडणं दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं.

आईचंही वजन घ्यायचंय, असं सांगून मी सुनेला आतल्या खोलीत नेलं. एकटीला विचारायचं, तर आमच्याकडे हाच बहाणा. काट्यावर उभं करून विचारलं, पोर खरंच पडली का? नवरा कष्टाळू आहे, म्हणाली. मग हळूच विचारलं, घरी कधी सोडाल?

डॉक्टरांना सांगितलं, बालसंरक्षणच्या बाईंना फोन केला. पण संध्याकाळी बाप न्यायला येणार होता. घरातलं कुणी बोललं नाही, तर त्याला अडवणं अवघड होतं.

मी म्हातारीशेजारी जाऊन बसले. बाकडं कललं. दोन्ही प्रती तिला वाचून दाखवल्या.

“आजी, हे मीच लिहिलंय. न विचारता. आता तिसऱ्यांदा पडली असं मी लिहिणार नाही.”

तिने माझ्या पेनाकडे बघितलं. मग पिशवीत हात घालून, पार तळातून तिने प्लॅस्टिकची पुडी काढली. आत नीट घडी घातलेले दोन केसपेपर होते. उंदराचा एकही दात लागलेला नव्हता.

“सून सांगायची नाही, सिस्टर. तिला त्याच घरात राहायचंय.” तिने कागद माझ्या मांडीवर ठेवले. “आमच्या घराला जिना नाही. माझा मुलगा मारतो पोरीला. लिहा.”