चाकाखालचा ठोकळा

कल्पेश उकडलेल्या मनुका फडक्यात पिळत होता, तेवढ्यात चिंतू चपला काढून दारात उभा राहिला.

उद्या प्रभुभोजन, येशूची आठवण म्हणून सगळ्यांनी रस आणि भाकर वाटून घ्यायचा दिवस. रस आणि भाकर करायची पाळी या वेळी कल्पेशच्या घरी होती. आत त्याची बायको ललिता पीठ मळत होती. पाड्यावरच्या त्यांच्या छोट्या मंडळीत रीतच होती, आदल्या दिवशी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं त्याच्या घरी जाऊन मन मोकळं करायचं. पाप पोटात ठेवून भाकर घेतली तर ते आतून माणूस खात जातं, असं पाळक सांगायचे.

चिंतू शिव्या घालायलाच आला असणार, असं कल्पेशनं धरलं. वर्षभर तो त्याचीच वाट बघत होता.

वळ गावच्या गोडाऊनमध्ये दोघं एकाच शिफ्टला होते. उतारावर ट्रक लागला की मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा, हे काम चिंतूचं. वर्षापूर्वी एका दुपारी जेवताना बसायला म्हणून कल्पेशनं तो ठोकळा काढून घेतला. ट्रक मागे सरकला आणि त्यांच्याबरोबरचा हमाल विठू भिंतीशी चेंगरून मेला. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा कल्पेशच्या तोंडून निघून गेलं, चिंतूनं लावलाच नव्हता. चिंतू घसा फुटेस्तोवर ओरडला, लावला होता म्हणून. त्याची नोकरी गेली.

आज तो ओरडला नाही. भिंतीला टेकून बसला. चेहरा इतका निवांत, की कल्पेशला बघवेना.

"वर्षभर तुझ्यावर राग धरला मी. माफ कर," चिंतू म्हणाला. "तू खरं बोल्लास. मी लावलाच न्हवता."

कल्पेशचे हात थांबले.

"आधी आठवत न्हवतं. आता रोज दिसतं. मी गेटवर उभा हाय, तंबाखू मळतोय. ठोकळा कोपऱ्यात पडलाय. मला दिसतोय, आन् मी जात न्हाय."

चिंतूनं जन्मात कधी तंबाखूला हात लावला नव्हता.

आता तो विठूच्या आईकडे, कमळीकडे निघाला होता, सगळं कबूल करायला. अख्ख्या पाड्यात तिनं एकटीनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता. दुसरं कुणी त्याला उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, तेव्हा ती त्याला जेवू घालायची.

"चिंतू, ऐक. तू लावला होतास. मी काढला. बसायला."

चिंतूनं लहान पोराकडे बघावं तसं बघितलं.

"माझ्यासाठी खोटं नको बोलू. उद्या प्रभुभोजन हाय."

"खरं सांगतोय, येड्या."

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी," तो म्हणाला. कल्पेशच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

कल्पेश दारापर्यंत धावला. कमळीचं घर चार घरं सोडून. म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत होती. चिंतूला बघून हसली आणि सूप बाजूला सारून त्याला बसायला जागा केली. अजून हाक मारली असती तर दोघांनाही ऐकू गेली असती.

दोनदा सांगितलं की. ऐकत नाही त्याला कोण काय करणार. छातीवर वर्षभर बसलेलं काहीतरी उठून चिंतूच्या मागोमाग चालत गेलं, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. आणि मग सपाटून भूक लागली.

"वाढ," तो आत येऊन म्हणाला.

ललितानं सगळं ऐकलं होतं. मान वर न करता तिनं ताट वाढलं.