वादळबाईचा चेहरा

चित्रकाराची बायको तोंडाची मोठी फटकळ. नवऱ्याचं प्रत्येक मुखपृष्ठ आधी तिच्या तावडीतून जायचं, मग छपाईला. "हा हात आहे की फळी?", "हिची मान कुठं गेली?" असलं काहीतरी ती ऐकवायचीच, आणि तो कुरकुरत दुरुस्त करायचा. पण गेला महिनाभर तिची जीभ जड झाली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरनं नवऱ्याला सांगितलं होतं, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. जिथं बघायला जावं, नेमका तिथंच डाग. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "कुणाला बोलायचं नाही." तेव्हापासून ती दोघं एकमेकांशीही बोलली नव्हती त्यावर.

त्यात वादळबाईचा दोनशेवा अंक आला. वादळबाई म्हणजे बाह्या सरसावून वादळाशी भांडणारी कॉमिकमधली बाई, पहिल्या अंकापासून त्याच्याच हातची. मुखपृष्ठाचं कच्चं स्केच त्यानं दहा मिनिटांत उतरवलं. पूल कोसळतोय, माणसं घसरताहेत, वादळबाईनं दोरखंड दातांत धरलाय. चेहऱ्याच्या जागी नुसता लंबगोल आणि आत उभी-आडवी रेघ. स्केच पाठवलं तर संपादक फोनवर एकदम खूश. "फक्कड! पक्कं पेन्सिलकाम उद्या चारपर्यंत द्या. पेन्सिलीवर शाई फिरवणारा बसून आहे."

कच्च्यात सगळं खपतं हो! पन्नास रेघांतली एक बरोबर पडली की झालं. पक्क्यात मात्र रेघ एकच, आणि ती जागच्या जागी पडायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत काढत होता. कोंबडी दाणा बघते ना, तसा. एरवी ती खो खो हसली असती. तीन वाजता त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"बघ गं."

तिनं बघितलं. पूल असा कोसळत होता की आपलाच पाय मागं यावा. दोर धरलेल्या बोटांचं पेर न् पेर नीट. चेहराही वादळबाईचाच, तीच रागीट भुवई. पण तो लंबगोलात नव्हताच! अंगठाभर उजवीकडे, कानाच्याही पलीकडे, हवेत काढलेला.

"छान झालंय," ती म्हणाली.

तो म्हणाला, "मेलो म्हणायचं. एवढ्या वर्षांत पहिल्या फटक्याला छान म्हणाली नाहीस कधी. किती सरकलंय?"

"थोडंसंच."

"अगं, किती?"

"अंगठाभर."

त्यानं खोडरबर पुढं केलं. "तूच पूस. मी पुसायला गेलो तर पूलही जाईल."

त्याच्या कागदाला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता. पुसत पुसत भुवईपाशी आली तेव्हा तिला रडूच फुटलं, इतकी ती भुवई झकास होती. मग तिनं लंबगोलावर बोट ठेवलं आणि त्यानं बोटाच्या कडेनं रेघ ओढली. बोट काढलं तर नाक कपाळावर. पुन्हा पुसलं. आता कागदाचा भुसा निघायला लागला.

तेवढ्यात संपादकांचा फोन.

"साहेब, मला जमत नाहीये. दुसरं कुणी बघा," नवरा म्हणाला.

"तुम्हाला? दोनशेवा अंक म्हणून नखरे होय!"

"डोळे गेलेत माझे."

"आणि कालचं स्केच काय आंधळ्यानं काढलं?"

त्यानं फोन बायकोकडे दिला. "तू सांग बाई. माझं खरं वाटत नाही त्यांना."

पलीकडे संपादक अजून हसत होते. "वहिनी, समजवा जरा यांना."

"साहेब," ती म्हणाली, "त्यांना खरंच दिसत नाही हो."

पलीकडचं हसू थांबलं. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. नवरा समोर बसून, मान सरळ ठेवून, थेट तिच्या तोंडाकडे बघत होता, म्हणजे त्याला ती दिसत नव्हती.